डुकरांच्या मांड्या आणि बाबांचं हृदय

२ मार्च

आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर तारखांचा घोळ नको.

प्रयोग सुरू झाला. बारा डुकरं आली. बाराही जणांना चरबी आणि अंड्याचा बलक घातलेलं खाद्य द्यायचं, म्हणजे त्यांच्या रक्तवाहिन्या आतून खराब होत जातील. त्यातल्या सहांना आमच्या मशीनवर घ्यायचं, सहांना नाही. शेवटी आतून कोण किती वाचलं ते बघायचं.

मशीन काय करतं, तेही लिहून ठेवतो (चरित्रकार डॉक्टर असेलच असं नाही). पाय, मांड्या आणि ढुंगण यांना हवेचे पट्टे बांधतात. हृदय ठोका देऊन जरा विसावलं की पट्टे खालून वर फुगत जातात आणि रक्त परत हृदयाकडे रेटतात. पुढच्या ठोक्याआधी सुटतात. कापाकापी नाही, टाके नाहीत. रक्त असं जोरात वाहिलं की रक्तवाहिनीचं अस्तर निरोगी राहतं, असा आमचा अंदाज. माझी तर खात्रीच.

मीटिंगमध्ये मी उभा राहून सांगितलं, की दर वेळी गुंगीचं इंजेक्शन देऊन डुकराला झोपवणं चूक आहे. गुंगीतल्या प्राण्याचं रक्त खोटं बोलतं. मी डुकरांना जागेपणी शांत पडून राहायला शिकवीन.

सीतो मॅडम, आमच्या विभागप्रमुख, चष्मा काढून म्हणाल्या, "क्वाँग, तू डुक्कर पाहिलंयस का कधी? ताटाबाहेरचं?"

सगळे हसले. माझा सहकारी फून जरा जास्तच हसला. हसू दे. मे अखेरपर्यंत मुदत मिळाली, नाही जमलं तर इंजेक्शन.

संकल्प: सिगरेट बंद. रोज अर्धा तास इंग्रजी, कारण परदेशातल्या परिषदेत भाषण करावं लागेल.

३ मार्च

पट्टे माणसांसाठी शिवलेले आहेत. माणसाची मांडी खांबासारखी असते, डुकराची भोपळ्यासारखी. हवा भरली की पट्टा सुळकन खाली घसरतो. सात नंबरचा पट्टा उडून लाय काकांच्या चहाच्या थर्मासवर आपटला. लाय काका डुकरांना खाऊपिऊ घालतात. म्हणाले, "डॉक्टर, त्याला पायजमा घालताय की नाडी बांधताय, ते आधी ठरवा."

छोटी तांत्रिक अडचण.

१० मार्च

सासूबाई रेनकोटच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या. त्यांना लॅबमध्ये आणून मापं घ्यायला लावली. मापं घेताना म्हणाल्या, "डॉक्टर जावई मिळाला म्हणून गल्लीभर मिठाई वाटली होती मी. आता गल्लीला काय सांगू, डुकरांच्या तुमानी शिवते म्हणून?"

वर माझ्या बायकोला, वाय-लिंगला, म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या लग्नातल्या सुटालाही मी एवढी मापं घेतली नव्हती."

तरी नवे पट्टे फार सुंदर शिवले. मी आभार मानले, विज्ञानात त्यांचंही नाव राहील असं सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं. भावनावश झाल्या असाव्यात.

१७ मार्च

पट्टे बसतात. डुकरं बसत नाहीत.

२३ मार्च

आज सात नंबरला जुन्या ऑपेरातली दोन पदं म्हणून दाखवली. ते मान वाकडी करून ऐकत राहिलं. मग उठून, पट्टे आणि छातीवरच्या तारांसकट, दारापर्यंत गेलं. पण ऐकलं. हे महत्त्वाचं.

सिगरेट: फक्त लॅबमध्ये, तीसुद्धा ताण आला तर.

४ एप्रिल

पूर्वजांच्या कबरी साफ करायचा दिवस. दरवर्षीप्रमाणे सगळे टेकडीवर गेलो. भाजलेलं डुक्कर ताईने आणलं होतं. मी नेहमीपेक्षा थोडं कमी खाल्लं, व्यावसायिक कारणांमुळे.

बाबा अर्ध्या वाटेवर थांबले. छातीवर हात ठेवून दुसऱ्याच कुणाच्या तरी कबरीच्या कठड्यावर बसले. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, "काही नाही. जागा चांगली आहे, वाराही येतोय. बुक करून ठेवू का?"

कुणी हसलं नाही. ताई माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टर असल्यामुळे लोक अशा वेळी माझ्याकडे बघतात. मी सांगितलं, अपचन असेल.

१६ एप्रिल

अपचन नाही. हृदयाच्या दोन वाहिन्या अरुंद झाल्या आहेत. वॉर्डातले डॉ. याउ म्हणाले, "स्टेंट बसवून घ्या, लवकर. मशीन वगैरे नंतर बघू."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "हो नावाचा माझा मित्र ऑपरेशनला चालत गेला आणि फोटो होऊन परत आला."

मी समजावलं, की यात छाती कापत नाहीत, मनगटातून बारीक तार आत नेतात. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त केली, तिंग. चालू इंजिनात कुणी तार घालत नाही." (घरात मी तिंग, क्वाँग हे आडनाव.) मग म्हणाले, "तू इतकी वर्षं त्या मशीनचं करतोयस. त्यातलं माझ्यासाठी काही आहे का?"

एकोणचाळीस वर्षांत बाबांनी मला पहिल्यांदा काही मागितलं.

मी सांगितलं, आहे. फक्त माझा रिझल्ट येऊ दे. पद्धत पक्की झाली की पहिला पेशंट तुम्ही.

बाबांचा चेहरा उजळला. आज शांत झोप लागेल.

१७ एप्रिल

फून वॉर्डात पेशंटसाठी असलेलं मशीन चालवतो. आज कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसला. म्हणाला, "काकांचं कळलं. आधी स्टेंट करून घे, मग माझ्याकडे आण. मी स्वतः बघीन."

मी म्हटलं, बघू. फूनचं टायमिंग मला पसंत नाही. पट्टा सुटायला किंचित उशीर करतो. माझ्या वडिलांना मी फूनच्या हाताखाली झोपवू? डुकरांवर माझी पद्धत सिद्ध होईपर्यंत थोडा धीर धरला की झालं.

ताईचा फोन. तिला वैद्यकीय भाषेत समजावलं. तिने मध्येच फोन ठेवला. लाइनमध्ये बिघाड असावा.

६ मे

यश. रताळं.

सात नंबरच्या तोंडापुढे उकडलेलं रताळं धरलं की ते आडवं पडून खातं, आणि खात असेपर्यंत मशीन चालतं. इतकं साधं. रताळं संपलं की उठतं. म्हणजे रताळं संपू द्यायचं नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, की डुकरं आता तासभर ध्यान लावल्यासारखी पडून राहतात. बाबांनी सात नंबरबद्दल बरंच विचारलं. कुठल्या कुशीवर झोपतं, पट्टा फुगताना दचकतं का. मी सविस्तर उत्तरं दिली.

२८ मे

सीतो मॅडम पाहणीला आल्या. त्या यायच्या आधीच सात नंबरला पोटभर दिलं होतं. संतासारखं पडून राहिलं. मॅडम बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "बरं. चालू दे." फून मागे उभा होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

खाऊचा उल्लेख केला नाही. खाऊ हा प्रयोगाचा भाग नाही, तो माझा आणि डुकरांचा खासगी व्यवहार आहे.

१५ जून

उकाडा. भिंतींना पाणी सुटलंय. रताळ्याला डुकरं कंटाळली. शेंगदाण्याच्या चिक्कीकडे वळलो. प्रत्येकाचा एक तास मशीनवर (अंदाजे).

बाबा जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबतात. आम्ही पाचव्यावर राहतो. पण थांबणं शहाणपणाचंच आहे, मीही थांबतो.

४ जुलै

ताई स्वतः आली. तिचं सुक्या मासळीचं दुकान आहे, रविवारी कधी बंद नसतं. आज बंद ठेवून आली. बाबा खाली चहाच्या दुकानात मित्रांबरोबर होते.

"धाकट्या, नीट ऐक," ती म्हणाली. "तुझी डुकरं पास होईपर्यंत बाबांनी थांबायचं का?"

मी म्हटलं, निर्णय बाबांचा आहे. त्यांनाच तार नको आहे.

"त्यांना तार नकोय, कारण तू त्यांना दुसरं काहीतरी दाखवून ठेवलंयस. ते खाली सगळ्यांना सांगत बसतात, माझ्या मुलाचं डुक्कर मशीनवर ध्यान करतं म्हणून. तू एकदा म्हण ना, बाबा, स्टेंट करा. तू म्हणालास तर ते ऐकतील. माझं नाही ऐकत. मी मासळीवाली."

मी तिला सांगितलं, विज्ञानाला घाई चालत नाही.

"बाबांच्या छातीला उशीर चालत असेल," म्हणाली आणि भांडी घासायला लागली. आमची भांडी घासलेलीच होती.

वाय-लिंगही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बायकांना दीर्घकालीन विचार करता येत नाही, असं लिहिणार होतो. सीतो मॅडम आठवल्या. खोडलं.

१२ ऑगस्ट

बाबांनी आवडीचे कोंबडीचे पाय खाणं सोडलं, चालणंही सोडलं. कालपासून सकाळच्या चहालाही खाली गेले नाहीत. म्हणाले, "खाली जायला हरकत नाही रे. वर यायचं जीवावर येतं."

रात्रभर छातीत धडधड होत होती. माझ्या. रिझल्ट ऑक्टोबरपर्यंत काढू शकतो का, ते मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ठरलेला काळ पुरा झाल्याशिवाय एकही डुक्कर कापायचं नाही.

बाबांना मात्र ऑक्टोबर सांगून बसलो आहे.

१ सप्टेंबर

आता माघार कशी घ्यायची? आज स्टेंट करा म्हटलं, तर बाबा विचारतील, एप्रिलमध्ये का नाही म्हणालास? विचारणार नाहीत. तेच तर.

त्यापेक्षा पद्धत यशस्वी होणं सगळ्यात सोपं.

२९ सप्टेंबर

काल मध्यशरदाचा सण झाला. घरात मूनकेकचे, म्हणजे सणाच्या भरीव गोड केकचे, डबेच डबे. प्रत्येक नातेवाइकाने आणून टाकलेले, कुणालाही नको असलेले. वाय-लिंग फेकायला निघाली होती. मी पिशवीत भरून लॅबमध्ये नेले.

मूनकेकपुढे रताळं काहीच नाही. आजवरचा सर्वोत्तम दिवस. सहाही डुकरं खरोखर तासभर पडून राहिली. आतमध्ये चरबी आणि खारवलेला बलक असतो हे खरं, पण डुकराच्या मानाने एक मूनकेक म्हणजे बडीशेप. (प्रत्येकी सहा-सात लागले.)

लाय काका म्हणाले, "या सहांना मशीन मानवलं हो. ती दुसरी सहा बघा, सुकल्यासारखी दिसतात." मी म्हटलं, बघितलंत ना?

मोबाइल आता लॅबबाहेर कपाटात ठेवतो. वाजला की डुकरं उठतात.

१९ ऑक्टोबर

आज काही लिहिणार नव्हतो.

सकाळी सात नंबरशेजारी जमिनीवर आडवा झालो होतो. खाऊ संपत आला होता म्हणून त्याच्या कानावर हात फिरवत गात होतो. दार उघडलं. वाय-लिंग. पायात लाय काकांचे गमबूट, अंगात घरातलाच गाऊन. मी म्हटलं, आवाज करू नकोस.

ती म्हणाली, "बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. ऊठ."

मी मशीन बंद करत होतो. तिने प्लगच उपटला.

बाबा आज कुणालाही न सांगता चहाला खाली गेले होते. वर येताना तिसऱ्या मजल्यावर कोसळले. शेजारच्या दोघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. ताईने मला अकरा फोन केले. मी पोचलो तेव्हा बाबा आत होते आणि डॉ. याउ त्यांच्या हृदयात तार घालत होते. सही कुणी करायची म्हणून माझी वाट पाहिली म्हणे. मग ताईने केली.

बाकावर ताईच्या शेजारी जागा होती. ती सरकली नाही. मी उभा राहिलो. माझ्या बाहीला सात नंबरचे केस चिकटले होते, ते वेचत राहिलो.

२० ऑक्टोबर

बाबा आहेत.

दोन स्टेंट बसले. पण उशीर झाल्यामुळे हृदयाचा एक भाग कायमचा मेला. डॉ. याउंनी मला पडद्यावर दाखवलं. हलणाऱ्या हृदयात एक कोपरा हलत नाही. मी सहकारी डॉक्टर असल्यासारखी मान डोलावली. ते म्हणाले, "एप्रिलमध्ये आणलं असतं, तर."

आत गेलो. बाबांनी डोळे उघडले. आवाज फार बारीक. "सात नंबर कसं आहे?"

मी म्हटलं, मजेत.

"माझ्यामुळे तुझं काम थांबलं," म्हणाले.

जिन्यात जाऊन सिगरेट ओढली.

२ नोव्हेंबर

बाबांना घरी आणलं. खुर्चीतूनच वर आणावं लागलं. ताई रोज येते, सूप करते, त्यांचं अंग पुसते. माझ्याशी कामापुरतं बोलते. "धाकट्या" म्हणत नाही. "तू" म्हणते.

डुकरांना मशीनवर घ्यायचे वार चुकवत नाही. सगळी भिस्त आता त्यांच्यावर आहे. रिझल्ट चांगला आला तर निदान एवढं म्हणता येईल, की मी थांबलो ते उगाच नव्हे.

१६ नोव्हेंबर

आज काळ पुरा झाला. बाराही डुकरं.

फूनने इंजेक्शनं भरली. मी सात नंबरचा कान धरून बसलो. खिशात चिक्की होती, ती दिली. इंजेक्शननंतर ते पूर्णपणे शांत पडून राहिलं. पट्टा नाही, गाणं नाही, काही नाही.

लाय काका बाहेर बादल्या विसळत होते. मला म्हणाले, "आत जाऊन तोंड धुवा डॉक्टर, पोरं बघतायत."

१ डिसेंबर

रिझल्ट.

मशीनवरच्या सहांच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या सहांपेक्षा खराब. खूप खराब. सात नंबरची सर्वांत.

तपासताना काहीतरी उलटसुलट झालं असणार. नंबरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. फूनवर संशय. परत तपासायला सांगितलं. परत तेच.

३ डिसेंबर

सीतो मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. त्या ओरडतील अशी तयारी करून गेलो होतो.

त्या म्हणाल्या, "लाय काकांना मी सहज विचारलं, की ही सहा एवढी जाड कशाने झाली. ते कौतुकानेच सांगत होते बिचारे. क्वाँग डॉक्टर डुकरांना किती जीव लावतात, घरून मूनकेक आणतात."

मी म्हटलं, खाऊ अगदी किरकोळ होता.

"मशीन नापास झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मशीनची परीक्षाच झाली नाही. तू सहा महिने सहा डुकरांना जेवायला घातलंस. हे त्याचं चित्र आहे." मग मवाळ आवाजात, "इंजेक्शन द्यायला सांगितलं होतं ना रे मी तुला?"

मी सांगायला गेलो, गुंगीतल्या प्राण्याचं रक्त. वाक्य पुरं केलं नाही.

नवीन डुकरं फेब्रुवारीत येतील. प्रयोग फून करणार, इंजेक्शन देऊन. मला पट्टे, तारा आणि सुटे भाग यांच्या खरेदीचं काम. पद तेच. खोली तळघरात.

५ डिसेंबर

घरी सांगितलं नाही. बाबांना वाटतं, रिझल्ट अजून यायचाय. आज वाय-लिंगने मला विचारलं, त्यांना केव्हा सांगणार? मी म्हटलं, ताकद येऊ दे. ती म्हणाली, "कुणाला?"

उद्या सांगतो.

६ डिसेंबर

आज बाबांचा मूड चांगला होता. उगाच बिघडवायला नको.

१४ डिसेंबर

डॉ. याउंनी बाबांना मशीन लिहून दिलं. स्टेंट नीट बसलेत, आता याने जे उरलंय त्याला जोर येईल, असं म्हणाले. म्हणजे आधी सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने.

बाबांना घेऊन वॉर्डात गेलो. फून दारातच उभा होता. "या काका. तुमच्या मुलाचंच मशीन समजा," म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याने बाबांच्या पोटरीवर, मांडीवर पट्टे बांधले. बाबांचे पाय किती बारीक झालेत. पट्टे अगदी खांबाला बसावेत तसे बसले. मी त्यांचं जाकीट आणि बूट हातात धरून उभा होतो.

मशीन सुरू झालं. फूनचं टायमिंग बघत होतो. पट्टा सुटायला उशीर होत नाही. कधीच होत नसावा.

बाबा दर धक्क्याला थोडे वर उचलले जात होते. पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "तिंग, हे भारीच हलवतं की. तुझी डुकरं तासभर गप्प कशी पडून राहायची रे?"

फूनने माझ्याकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "नाही राहायची, बाबा."

बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात हवाय. त्यांना जाकीट हवं होतं. थंडी वाजत होती.